काचपेटीतील तरंगत्या वनस्पती आणि गावचे तळे

ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर आज जेथे वाशी, नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे अशी दाट वस्तीची उपनगरे उभी आहेत, तेथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आली. शेती गेली, परंतु गावठाणे राहिली आणि गावठाणांबरोबर त्यांची तळीही राहिली. पूर्वी गुरे धुण्यासाठी, कपड्यांसाठी आणि क्वचित रोपवाटिकेच्या पाण्यासाठी उपयोगी पडणारी ही गोड्या पाण्याची तळी आता चहूबाजूंनी इमारतींनी वेढली गेली आहेत. त्या इमारतींच्या खोल्यांतून काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस दिसून येते, आणि या हौसेचा गावच्या तळ्याशी वाटतो त्यापेक्षा निकटचा संबंध आहे. हा दुवा म्हणजे पेटीच्या पाण्यावर तरंगणारी लहानशी वनस्पती होय.

काचपेटीत तरंगती वनस्पती ठेवण्याचे लाभ पुष्कळ आहेत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. हा पदार्थ माशांना विषासारखा असतो. पेटीतील सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट फारसे घातक नसले तरी ते साठत गेले म्हणजे काचेवर हिरवे शेवाळ धरते. तरंगती वनस्पती आपल्या लोंबत्या मुळांनी अमोनिया व नायट्रेट ही दोन्ही द्रव्ये ओढून घेते आणि वरून सावली धरते. त्यामुळे शेवाळाला अन्न व प्रकाश या दोहोंचीही टंचाई पडते. शिवाय तिची पाने हवेत असल्याने कर्बवायू तिला हवेतूनच मिळतो. बुडालेल्या वनस्पतींसाठी हौशी लोक पाण्यात कर्बवायू सोडण्याची जी खर्चिक यंत्रणा बसवितात, तिची येथे गरज लागत नाही. मुळांच्या जाळीत गप्पीची पिल्ले लपतात. गुरामी व बेट्टा जातीचे नर तर अशाच पानांच्या आधाराने पाण्याच्या पृष्ठभागी बुडबुड्यांचे घरटे बांधतात.

दुकानात मिळणाऱ्या तरंगत्या वनस्पतींत पाच-सहा प्रकार मुख्य आहेत. अझोला व साल्विनिया हे दोन्ही नेच्याच्या वर्गातील आहेत, त्यांना फूल येत नाही. पिस्टिया दिसावयास लहान कोबीसारखी असली तरी ती अळूच्या कुळातील आहे. टिकलीएवढ्या पानांची लेम्ना, जिला दुकानदार डकवीड म्हणतात, तीही त्याच कुळात गणली जाते. अलीकडे तांबड्या मुळांची एक दक्षिण अमेरिकी वनस्पती लोकप्रिय झाली आहे. रेड रूट फ्लोटर या नावाने ती विकली जाते. तिची पाने पाहून कोणासही पटणार नाही, परंतु ती आपल्या आवळ्याची व भुईआवळ्याची नातलग आहे. आणि शेवटची जलपर्णी, जिला काही भागांत केंदाळ म्हणतात. तिचा जांभळा तुरा मोहक असतो, परंतु घरच्या पेटीला ती मुळीच योग्य नाही. एकतर ती पेटीत मावत नाही, आणि दुसरे कारण पुढे यावयाचे आहे.

लागवड सोपी आहे. सोपी असल्यामुळेच तीत चुका होतात. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग पेटीत घालावे. वनस्पती आणल्यावर ती तडक पेटीत न सोडता पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवावी, म्हणजे तिच्याबरोबर आलेल्या गोगलगायी, त्यांची अंडी व दुसऱ्याच जातीचे तुकडे दिसून येतात. साल्विनियात मिसळलेला लेम्नाचा एक कण पेटीत गेला, तर महिन्याभरात पेटीची मालकी लेम्नाकडे जाते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. प्रकाश रोज आठ ते दहा तास पुरे. खिडकीतील थेट ऊन पेटीवर घेऊ नये, कारण एप्रिल-मे महिन्यांत त्याने पाणी तापून मासे दगावतात. पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे पाने फिकट पडू लागली तर दिव्याचा वेळ थोडा वाढवावा.

पाने कुजण्याचे प्रमुख कारण म्हणजे ती वरून ओली होणे. साल्विनियाच्या पानांवर बारीक केसांची लव असते आणि ती पाणी झटकून टाकते. परंतु गाळणयंत्राच्या धारेखाली ती सतत भिजत राहिली, किंवा पेटीच्या घट्ट झाकणावर जमलेल्या वाफेचे थेंब दिवसभर तिच्यावर ठिबकत राहिले, तर ती काळी पडते. यंत्राची धार काचेकडे वळवावी आणि झाकण बोटभर उघडे ठेवावे, इतका उपाय पुरतो. प्लास्टिकच्या बारीक नळीचे वर्तुळ करून ते पाण्यावर तरंगत सोडले, तर वनस्पती त्याच्या आत राहतात व मासे खाद्य खाण्यासाठी मोकळी जागा मिळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वनस्पतींनी पृष्ठभागाचा अर्ध्याहून अधिक भाग कधीही झाकू देऊ नये. पाण्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवा व पाणी यांच्या स्पर्शातून. तरंगत्या वनस्पती दिवसा जो प्राणवायू सोडतात तो बव्हंशी वर हवेत जातो. उलट त्यांच्या मुळांचे श्वसन आणि गळलेल्या पानांचे कुजणे यांत पाण्यातील प्राणवायू रात्रंदिवस खर्च होत राहतो. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर रोगाची शंका घेण्यापूर्वी हा थर पाहावा. दर आठवड्यास एक-दोन मुठी वनस्पती काढणे व चौथा हिस्सा पाणी बदलणे हा नित्यक्रम ठेवावा.

अझोल्याविषयी एक गैरसमज दिसतो. त्याच्या पानांच्या पोकळीत ॲनाबीना नावाचे निळे-हिरवे शेवाळ वस्तीस असते. ते हवेतील नत्र स्थिर करून अझोल्यास पुरविते. पाण्यातील नत्रावाचून त्याचे अडत नसल्याने पाणी शुद्ध करण्याच्या कामी लेम्ना व पिस्टिया त्याहून सरस ठरतात. अझोल्याचा खरा उपयोग खाद्य म्हणून आहे. सोनमासे तर तो अशा आवडीने खातात की, त्यांच्या पेटीत तो वाढविण्याचा प्रयत्न व्यर्थच होय. त्यांच्यासाठी गच्चीतील वेगळ्या टबात तो वाढवून रोज मूठभर घालावा. उन्हात तो तांबूस झाला तर घाबरण्याचे कारण नाही. कडक ऊन, थंडी किंवा स्फुरदाची उणीव यांमुळे हा रंग येतो. गच्चीतल्या अशा प्रत्येक टबात चार-पाच गप्पी मासे सोडावेत, नाहीतर अझोल्याबरोबर डासांचीही पैदास होते.

काढलेली मूठ कोठे जाते?

दर आठवड्यास काढावयाच्या त्या दोन मुठींचे काय करावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. नेमका तो कोणी विचारीत नाही. झाड जिवंत आहे, फेकवत नाही, म्हणून एखादी भाविक गृहिणी ते निर्माल्याबरोबर तळ्यात सोडते. दुसरा कोणी पेटी विकताना मासे व वनस्पती जवळच्या तळ्यात ‘मोकळे’ करतो. तिसरा ते मोरीतून वाहून जाऊ देतो आणि पावसाळ्यात ते गटारातून नाल्यात व नाल्यातून तळ्यात पोहोचते. हेतू तिघांचाही वाईट नसतो.

आता गणित पाहावे. जलपर्णीचे एक झाड अनुकूल हवेत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, साल्विनिया त्याहूनही लवकर. जूनच्या आरंभी तळ्यात पडलेले एक झाड दर पंधरवड्यास दुप्पट होत गेले, तर वीस आठवड्यांत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, त्याची हजाराहून अधिक झाडे होतात. दुपटीच्या या वाढीत एक फसवणूक असते. तळे अर्धे झाकले गेले तेव्हा गावकऱ्यांस वाटते की अजून अर्धे मोकळे आहे, पुष्कळ अवधी आहे. वस्तुतः तेव्हा केवळ पंधरा दिवस उरलेले असतात.

पाण्यावर दाट थर आला की सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही, सूक्ष्म वनस्पती मरतात, आणि त्यांवर जगणारी जीवसृष्टी नाहीशी होते. रोहू, कटला व मृगळ यांची वाढ खुंटते. पुढे प्राणवायू घटून एखाद्या ढगाळ पहाटे मासे पोट वर करून तरंगतात. तळे ज्याने मासळीसाठी घेतलेले असते त्याचा वर्षाचा खर्च एका रात्रीत बुडतो. जाळे टाकता येत नाही, होडी हलत नाही, आणि कुजलेल्या पानांचा गाळ दरवर्षी तळाशी बसून तळे उथळ होते. एका हेक्टरावरील जलपर्णीच्या दाट थराचे ओले वजन दोनशे टनांहून अधिक भरू शकते, मग तो काढण्याची मजुरी किती पडेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

याखेरीज आरोग्याचा प्रश्न आहे. मान्सोनिया जातीच्या डासाची अळी इतर अळ्यांप्रमाणे श्वास घेण्यास पाण्यावर येत नाही. ती आपली श्वासनलिका पिस्टिया किंवा जलपर्णी यांच्या मुळांत खुपसते आणि तेथील हवेवर जगते. पाण्यावर तेल टाकून तिचे काही बिघडत नाही. केरळातील चेर्तला भागात हा डास हत्तीरोगाचा प्रसार करीत असे. तेथील लोक नारळीला खत म्हणून घरच्या डबक्यांत पिस्टिया मुद्दाम वाढवीत. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने १९८० नंतरच्या दशकात तेथे लोकांच्याच हातून डबकी साफ करवून घेतली आणि रिकाम्या पाण्यात मत्स्यपालन सुरू करून दिले. वनस्पती काढा असे नुसते सांगून कोणी ऐकले नसते. मासळीचे पैसे दिसू लागले तेव्हा डबकी स्वच्छ राहू लागली. ग्रामीण कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

नवी मुंबईला निसर्गाने एक संरक्षण दिले आहे. जलपर्णी, साल्विनिया, पिस्टिया या साऱ्या गोड्या पाण्याच्या वनस्पती असून खाडीच्या खाऱ्या पाण्यात त्या टिकत नाहीत. परंतु गावतळी गोडी आहेत. शहर भरतीच्या पातळीजवळ असल्याने पावसाचे पाणी साठविण्यास सिडकोने खाडीकाठी धारण तलाव बांधले आहेत. भरतीच्या वेळी त्यांची झडपे मिटतात व ओहोटीला उघडतात. त्यांत गाळ व कांदळवन वाढल्याने साठवणीची क्षमता आधीच उणावली आहे. नाल्यांतून येणारे तरंगते गवत झडपांशी अडकले, तर मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आल्यास सखल भागांत पाणी चढणारच. तळोजे, कल्याण किंवा खालापूरकडे पाहिले तर खाऱ्या पाण्याचे हे कवचही नाही. मोहोने येथील उल्हास नदीचे पात्र, आळंदीची इंद्रायणी, पिंपरी-चिंचवडची पवना आणि कोल्हापूरचा रंकाळा यांनी जलपर्णीचा उपद्रव अनुभवलेला आहे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खत आहे. जेथे सांडपाणी मिळते तेथे ती काढली तरी पुनः येते.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून ती बंगालमध्ये आली आणि काही दशकांत तिने तेथील भातशेती व जलमार्ग असे अडविले की, १९३६ साली बंगाल प्रांताला तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. साल्विनियाने केरळातील कालवे व खाचरे अशीच व्यापली. तिला बीज होत नाही. आज केरळात असलेला सारा साठा तुकड्यातुकड्यांनी वाढलेला आहे. ब्राझीलमधून आलेला, धान्यात पडणाऱ्या सोंड्याच्या जातीचा एक लहान भुंगेरा १९८३ पासून तेथे सोडण्यात आला आणि त्याने काही वर्षांत पुष्कळ भाग मोकळा केला. त्याच सुमारास जलपर्णीवर जगणारे दोन भुंगेरे बंगळुरूच्या परिसरातील तलावांत सोडण्यात आले व तेथेही त्यांचा गुण दिसून आला. परंतु हा उपाय सावकाशीचा आहे. त्यास दोन ते चार वर्षे लागतात आणि ज्या तळ्यातील वनस्पती दरवर्षी यंत्राने उपसली जाते तेथे भुंगेऱ्यांना टिकाव धरता येत नाही. दोन्ही उपाय एकाच तळ्यात करणे म्हणजे दोन्ही पैसे वाया घालविणे होय.

तळ्यात शिरकाव झालाच तर

पहिली दहा-वीस झाडे दिसताच हाताने काढावीत. हे काम दोन माणसांचे व अर्ध्या दिवसाचे असते. वाढ पसरली असेल तर पाणी कमी असते त्या एप्रिल-मे महिन्यांत काम हाती घ्यावे. बांबू दोरीने जोडून त्यांचा तरंगता अडसर करावा, थर एका बाजूस ओढून आणावा आणि काठावर न ठेवता तळ्यापासून दूर नेऊन उन्हात पूर्ण वाळवावा. काठावरचा ढीग मृगाच्या पहिल्या पावसाने परत पाण्यात जातो. हा अनुभव अनेक गावांनी मजुरी देऊन विकत घेतला आहे. जलपर्णीचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. पाणी ओसरले की काठाच्या ओलीत बारीक रोपे उगवतात. ती पुढील काही उन्हाळे उपटत राहावे लागते. पिण्याच्या किंवा मासळीच्या पाण्यात तणनाशक फवारू नये. एकदम मेलेला थर तेथेच कुजतो आणि उरलासुरला प्राणवायूही जातो.

काढलेल्या जलपर्णीचे कंपोस्ट चांगले होते, मात्र तळे स्वच्छ पाण्याचे असेल तरच. ही वनस्पती जड धातू शोषून घेते. तळोजे किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या नाल्यांतून काढलेला माल भाजीपाल्याच्या खतासाठी वापरू नये आणि गुरांना तर मुळीच घालू नये.

पनवेल, उरण व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांस येथे जोडधंद्याची संधीही आहे. शहरातील मत्स्यप्रेमींना वनस्पती हव्या असतात आणि मुंबईच्या महात्मा फुले मंडईत त्यांची विक्री होते. ज्यास हा उद्योग करावयाचा असेल त्याने रेड रूट फ्लोटर, हॉर्नवर्ट किंवा अझोला यांसारख्या वनस्पती निवडाव्यात. जलपर्णी, पिस्टिया व साल्विनिया यांची लागवड विक्रीसाठी करू नये. टाकी नाल्यापासून व पुराच्या रेषेपासून दूर, शेडनेटखाली असावी आणि सांडव्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. कोकणातील एका रात्रीच्या पावसाने उघडी टाकी भरून वाहते आणि वर्षभराचा माल शेजाऱ्याच्या खाचरात जातो. विकताना प्रत्येक पुडीबरोबर, वाढलेला भाग तळ्यात किंवा मोरीत न टाकता वाळवून कुंडीत घालावा, ही सूचना तोंडी द्यावी. दुकानदाराचे गिऱ्हाईक असे सांगितलेले ऐकते. छापील फलक कोणी वाचीत नाही.

घरगुती अझोल्यासाठी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व वीस सेंटीमीटर खोल असा खड्डा घेऊन त्यात जाड प्लास्टिक अंथरावे. त्यावर चाळलेली माती दहा ते पंधरा किलो पसरावी. दोन किलो शेण दहा लिटर पाण्यात कालवून त्यात तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट मिसळावे व ते मिश्रण ओतून पाणी सुमारे दहा सेंटीमीटर उंचीपर्यंत भरावे. मग अर्धा ते एक किलो शुद्ध अझोला सोडावा. दहा-पंधरा दिवसांनी रोज अर्धा किलो काढता येतो. दर पाच दिवसांनी एक किलो शेण व वीस ग्रॅम सुपर फॉस्फेट पुनः घालावे. ही शेणाची कृती खड्ड्यापुरतीच आहे, माशांच्या पेटीत शेण अथवा युरिया घालू नये. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरले तर अझोला पिवळा पडतो. तेथे छपरावरील पावसाचे पाणी साठवून वापरावे. काढलेला अझोला दोन-तीन पाण्यांनी धुऊन, शेणाचा वास गेल्यावर, दुभत्या जनावरास दीड ते दोन किलो या प्रमाणात आंबोणात मिसळून द्यावा. प्रथम काही दिवस जनावर तो नाकारते, म्हणून आरंभी मूठभरच द्यावा. भाताच्या खाचरात वापरावयाचा झाल्यास, एका हेक्टरावर पसरलेला पूर्ण थर चिखलणीत गाडला असता सुमारे २० ते ३० किलो नत्र मिळते. खाऱ्या जमिनीत मात्र पहिल्या पावसांनी मीठ धुऊन गेल्यावरच तो सोडावा.

काचपेटीतून आठवड्यास निघणाऱ्या दोन मुठी वनस्पती वर्तमानपत्रावर पसरून उन्हात कडक वाळवाव्यात आणि तुळशीच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत मातीखाली घालाव्यात. पावसाळ्यात ऊन नसते, त्या दिवसांत त्या भोके नसलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवून कुजवाव्यात व पाऊस उघडल्यावर कुंडीत रिकाम्या कराव्यात.